पुराच्या पिशवीतला चाकू

कृष्णाकाठच्या माणसाला आपत्तीच्या पिशवीसाठी चाकू निवडायचा असेल, तर त्याने प्रथम जंगल डोक्यातून काढून टाकावे. घर तातडीने सोडावे लागले तर कोणती पिशवी उचलायची आणि तीत काय काय असावे, यावर इंटरनेटवर जे वाचायला-पाहायला मिळते, त्यातले बहुतेक अमेरिकेतल्या किंवा उत्तर युरोपातल्या माणसाने केलेले असते, आणि त्याच्या मनात घर सोडणे म्हणजे अरण्यात शिरणे असते. त्यामुळे त्याच्या चाकूला ओंडका फोडता यावा लागतो, ठिणगी पाडता यावी लागते, शिकार सोलता यावी लागते. सांगली-कोल्हापुरात पुराने घर सोडलेला माणूस अरण्यात जात नाही. तो होडीतून किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून निघतो आणि उंचावरच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, एखाद्या मंगल कार्यालयात, नाहीतर पाहुण्यांच्या घरी पोहोचतो. तिथे सतरंजी असते, खिचडी असते, शे-दीडशे माणसे असतात आणि त्या सगळ्यांत मिळून दोन-तीन संडास असतात. या प्रवासात आणि या मुक्कामात चाकूला नेमके काय करावे लागेल, एवढाच प्रश्न खरा आहे, आणि त्याचे उत्तर शोधू लागले की दुकानातले निम्म्याहून अधिक चाकू आपोआप बाद होतात.

आमचे गाव सांगलीच्या वरच्या अंगाला, नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे. घराला लागून गोठा आहे, आई-आबा तिथेच राहतात, थोरला भाऊ शेती पाहतो आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. घरातल्या पुराच्या पिशवीचे काम माझ्याकडे आपसूक आले, कारण दूर राहणाऱ्याला काळजी करायला वेळ मिळतो आणि ऑनलाइन खरेदी करण्याची सवयही असते.

ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथे इशारा पातळी ४० फुटांची आणि धोका पातळी ४५ फुटांची मानतात. २००५च्या पुराच्या खुणा काठावरच्या अनेक घरांच्या भिंतींवर होत्या, आणि कृष्णामाई त्या खुणेच्या वर येणार नाही, असा हिशेब धरून लोकांनी धान्याची पोती, टीव्ही, कपाटातले कपडे त्या खुणेच्या वर रचले आणि घरातच थांबले. पाणी खुणेच्या वर गेले. कृष्णेच्या पुराचा स्वभावच असा आहे की तो माणसाला विचार करायला भरपूर वेळ देतो आणि त्या वेळात चुकीचा विचार करू देतो. घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो, कोयनेतून विसर्ग वाढतो, हरिपूरला वारणा येऊन मिळते, खाली नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते, आणि खालच्या दोन्ही नद्या तुडुंब असल्या की सांगलीजवळच्या पाण्याला पुढे सरकायला जागाच उरत नाही. मग ते इंचाइंचाने रानात, गल्लीत, अंगणात पसरते. काठीवर खूण करून दर तासाला पाहणारी माणसे प्रत्येक गल्लीत असतात.

चिपळूणच्या लोकांना २२ जुलै २०२१ रोजी एवढी सवड मिळाली नाही. तिथे रात्रीच्या पावसाने वाशिष्ठी चढली आणि सकाळी बाजारपेठ पाण्याखाली होती. इर्शाळवाडीला १९ जुलै २०२३च्या रात्री डोंगर खाली आला आणि किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे गणेश विसर्जनाहून परतलेली माणसे झोपेत असताना जमीन हादरली. या दोन्ही ठिकाणी पिशवी भरून कपाटावर ठेवलेली असती तरी तिचा उपयोग नव्हता. भूकंपाच्या किंवा दरडीच्या टापूत राहणाऱ्याने चपला-बूट, विजेरी आणि शिट्टी उशाशी ठेवावी, एवढेच मी म्हणेन. ढिगाऱ्याखालच्या माणसाचा आवाज लवकर बसतो, शिट्टी फुंकायला त्या मानाने कमी बळ लागते. चाकूचा विचार मात्र मी आमच्या संथ, पसरणाऱ्या, दिवसचे दिवस न ओसरणाऱ्या पुरापुरताच करतो आहे.

या पुरात माणसे घर का सोडत नाहीत, याची कारणे बाहेरच्यांना चोरीची भीती किंवा हट्ट अशी वाटतात. तीही असतात, पण काठावरच्या गावांत पहिले कारण गोठ्यात बांधलेले असते. दोन म्हशी, एक संकरित गाय, चार शेळ्या, हे ज्यांचे महिन्याचे उत्पन्न आहे, त्यांना होडीवाला ‘फक्त माणसे घ्या’ म्हणतो तेव्हा ते पाय मागे घेतात. २०१९मध्ये दावणीला बांधलेल्या स्थितीतच कितीतरी जनावरे गेली. म्हैस पोहू शकते, गायही पोहू शकते, पण दावे सुटले तर. अंबाडीचे किंवा सुताचे दावे भिजले की फुगते, गाठ आवळते, आणि घाबरलेले जनावर मान मागे ओढू लागले की ती गाठ निरगाठीहूनही घट्ट होते. वीज आधीच गेलेली असते, कमरेएवढ्या पाण्यात बराच वेळ उभे राहून बोटे बधिर झालेली असतात, आणि समोर पाचशे किलोचे जनावर हिसके देत असते. त्या क्षणी चाकूला जे काम पडते ते कोणत्याही परदेशी यादीत मला आढळले नाही, आणि आमच्या पिशवीतला चाकू मी त्या एका कामावरूनच निवडला.

आबांना हे आधी पटले नव्हते. “गाठ सोडायला हात हाईत की. चाकू कशाला?” असे ते म्हणाले, आणि कोरड्या दाव्याच्या बाबतीत त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते, आबांच्या बोटांनी न सुटलेली कोरडी गाठ मी पाहिलेली नाही. म्हणून नायलॉनचा एक कासरा आणि सुताचे एक दावे रात्रभर बादलीत भिजत घालून, सकाळी खुंट्याला बांधून, दुसऱ्या टोकाला भाऊ आणि मी दोघे ओढत राहिलो, आणि आबांना गाठ सोडायला सांगितले. सुताची गाठ त्यांनी बऱ्याच वेळाने सोडली, नायलॉनची सोडून दिली. मग आम्ही घरात होते ते सगळे धारदार जिन्नस त्या दोरांवर चालवून पाहिले. साध्या धारेचे पाते सुताच्या दाव्यातून सहज गेले, पण ओल्या, गुळगुळीत नायलॉनवरून ते घसरत होते. करवतीसारखी दातेरी धार असलेले पाते मात्र नायलॉनमध्ये लगेच रुतले आणि दोन-तीन ओढींत दोर तुटला. दातेरी धारेची अडचण अशी की ती घरच्या निसण्यावर लावता येत नाही. दाते बोथट झाले की त्यासाठी बारीक गोल कानस लागते आणि चिकाटी लागते. म्हणून मुठीकडची निम्मी धार दातेरी आणि पुढची निम्मी साधी, अशा पात्यावर माझे मन स्थिरावले. चाकूचे जाणकार या प्रकाराला नाके मुरडतात, कारण त्यात दोन्ही धारांना पुरेशी लांबी मिळत नाही. त्यांचा आक्षेप लाकूड तासणाऱ्यासाठी योग्य आहे. मला लाकूड तासायचे नाही.

दाव्याच्या जागी साखळी असेल तर कोणताही चाकू निरुपयोगी आहे, आणि आमच्या भागात संकरित गाईंना आता सर्रास साखळ्याच असतात. यावरचा उपाय चाकूत नसून खुंट्यापाशी आहे. पावसाळ्याचे चार महिने आम्ही साखळी थेट खुंट्याच्या कडीत न अडकवता मध्ये हातभर दोराचा फास ठेवतो, आणि तो सुरगाठीने बांधतो, म्हणजे एरवी टोक ओढले की तो सुटतो आणि नाहीच सुटला तर कापता येतो. दोराचा खर्च नगण्य आहे. जनावर रोजच्या हिसक्यांनी तो फास झिजवते, म्हणून महिन्याला बदलावा लागतो, आणि हे काम भाऊ कुरकुरत का होईना पण करतो.

आता टोकाविषयी. दुकानात चाकू घेताना सगळ्यांचे लक्ष टोकाकडे जाते आणि जितके टोक अणकुचीदार तितका चाकू ‘खरा’ वाटतो. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या, ज्यांची एक बटालियन पुण्याजवळ तळेगावच्या बाजूला सुदुंबरे येथे आहे, पुरात ज्या होड्या आणतात त्या हवा भरलेल्या रबरी होड्या असतात. त्यांत हवेचे वेगवेगळे कप्पे असतात, त्यामुळे एक फुटला तरी होडी लगेच बुडत नाही, हे खरे. तरीही दाटीवाटीने बसलेल्या, हेलकावे खाणाऱ्या होडीत कमरेला टोकदार चाकू लावून बसलेला माणूस कोणालाही नको असेल. नदीवर आणि समुद्रावर काम करणारे लोक म्हणूनच बोथट, चौकोनी टोकाचे चाकू बाळगतात. दुसरा फायदा गोठ्यातला आहे. जनावराच्या मानेजवळ, अंधारात, त्याच्या हिसक्यांसकट दोर कापताना टोकदार पाते त्याच्या गळ्यात घुसायला वेळ लागत नाही. बोथट टोकाचे पाते दोराखाली सपाट सरकवता येते आणि धार बाहेरच्या बाजूला ओढून कापता येते. टोकाने करायची जी कामे राहतात, म्हणजे पोत्याला भोक पाडणे किंवा डबा फोडणे, ती खिळ्यानेही होतात.

पात्याची लांबी साडेतीन-चार इंच पुरते. घडीचा चाकू घ्यावा की म्यानाचा, यावर मी बरेच दिवस दोन्ही बाजूंनी विचार केला. घडीचा चाकू खिशात मावतो, मुलांच्या हाती लागला तरी चटकन उघडत नाही, आणि छावणीत तो काढला तर शेजारचा माणूस दचकत नाही. पण पुराच्या पाण्यात गाळ असतो, आणि तो गाळ घडीच्या सांध्यात एकदा बसला की पाते अर्ध्यावर अडकते. शिवाय ओल्या, गारठलेल्या बोटांनी नखाची खाच पकडून पाते उघडणे किती कठीण जाते, हे बर्फाच्या पाण्यात पाच मिनिटे हात ठेवून कोणीही पाहू शकतो. फ्रान्सच्या साव्हॉय (Savoie) प्रांतात १८९०पासून बनत आलेला ओपिनेल हा घडीचा चाकू मला दिसायला फार आवडतो, आणि कांदा-टोमॅटो कापायला त्याच्याइतका सुबक चाकू क्वचितच मिळेल, पण त्याची लाकडी मूठ पाण्याने फुगते आणि पाते आतच रुतून बसते. म्हणून पिशवीसाठी म्यानाचा. पात्याचे पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध गेलेले असावे. ऑनलाइन दुकानांत पोकळ मुठीचे चाकू मिळतात, ज्यांच्या आत होकायंत्र, गळ, आगकाड्या असे काय काय भरलेले असते. त्यांचे पाते मुठीला जिथे जोडलेले असते तिथेच ते कमकुवत असतात. सांगलीहून मिरजेला जाताना होकायंत्र कशाला लागते, हे मला अजून उमगलेले नाही.

पोलादाच्या बाबतीत जाणकारांचा ओढा न गंजणाऱ्या स्टीलपेक्षा साध्या कार्बन पोलादाकडे असतो, कारण त्याला धार चटकन लागते आणि तापवून पाणी दिलेले असले तर ती टिकतेही. आमच्याकडे या प्रश्नाचे उत्तर दोन चाकूंनी दिले गेले. गावातल्या लोहाराकडून मी ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा एक चाकू करून घेतला. बोथट टोक सांगितल्यावर तो माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “टोक नाय तर मग त्यो चाकू कशाचा, भाऊ?” दाव्याचे सांगितल्यावर मात्र त्याने स्वतःहून धारेला किंचित आतला बाक दिला, विळ्यासारखा, म्हणजे दोर धारेवरून निसटत नाही. ही युक्ती मला कोणत्याही परदेशी चाकूत इतकी चोख दिसली नाही. तो चाकू गोठ्यात आढ्याजवळ टांगलेला असतो, रोज वैरणीच्या गठ्ठ्यांचे बंध कापायला वापरला जातो, आणि रोज हाताळला जात असल्याने गंजायला त्याला सवडच मिळत नाही. पिशवीतला चाकू वर्षानुवर्षे बंद पिशवीत, पावसाळी दमट हवेत पडून राहणार, म्हणून तो न गंजणाऱ्या पोलादाचा, रबरी पकडीचा, आणि म्यान प्लॅस्टिकचे. चामड्याचे म्यान देखणे असते, पण ते ओल धरून ठेवते आणि आतल्या आत पाते खराब करते. पात्यावर शिलाईच्या मशीनच्या तेलाचा हात फिरवलेला असतो. खोबरेल तेल काही महिन्यांनी चिकट होते. मूठ भडक नारिंगी आहे. चिखलात पडलेला काळ्या मुठीचा चाकू हरवला म्हणूनच समजायचे.

कोयता का नाही, हा प्रश्न ऊसपट्ट्यात कोणीही विचारील. घरात दोन कोयते आहेत आणि पुरानंतर अंगणात आडवी पडलेली झाडे, वाहून आलेली बाभळीची झुडपे, कुडाच्या काटक्या यांना दुसरे हत्यार नाहीच. पण ते काम पाणी ओसरल्यावरचे आहे. भरल्या होडीत आणि भरल्या छावणीत कोयता नेऊ नये, याला सभ्यतेइतकेच कायद्याचेही कारण आहे. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीची आणि उद्योगधंद्याची अवजारे त्यातून वगळलेली आहेत, पण अवजार कोणते आणि शस्त्र कोणते, हे रस्त्यावर ठरवणारा माणूस पोलीस असतो. शहरांतून कोयते परजत फिरणाऱ्या पोरांमुळे त्यांचीही नजर आता कडक झाली आहे. त्यातच महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रे बाळगण्यास बंदी घालणारे आदेश सणासुदीच्या काळात निघतात, आणि आमच्या पुराचे महिने व गणेशोत्सवाचे दिवस एकमेकांना लागूनच येतात. म्हणून पिशवीतला चाकू छोटा, बोथट टोकाचा आणि पिशवीच्या तळाशी असला तर छावणीच्या दारात कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही.

तळाशी असला तर, असे मी म्हटले, पण होडीत बसताना तो तळाशी नको. घरातून निघताना भावाच्या कमरेला, आणि छावणीत पोहोचल्यावर पिशवीत, असा आमचा नियम आहे. नदीत जलपर्णी, दोर, साड्या, ठिबकच्या नळ्या असे काय काय वाहत असते आणि ते होडीच्या पंख्यात गुंतते. इंजिन बंद करून ते कापायला चाकू हाताशी लागतो.

चाकूवर मी इतके लिहिले तरी पिशवीत त्याच्याहून जास्त उपयोगी पडेल अशी धारेची वस्तू मला विचाराल तर ती कात्री आहे. सर्जिकलच्या दुकानात जखमीचे कपडे कापायची, खालचे टोक बोथट असलेली, वाकडी कात्री काहीशे रुपयांत मिळते. ती गाडीचा पट्टा कापते, जीन्स कापते, मलमपट्टी कापते, औषधाच्या पट्ट्या कापते, आणि आईच्या हातात ती चाकूपेक्षा चांगली बसते. आई आयुष्यभर विळीवर भाजी चिरत आली आहे. हातात धरायच्या चाकूवर तिचा विश्वास नाही, आणि वयाच्या सत्तरीत तो बसावा अशी अपेक्षाही मी करत नाही. चकमक वगैरे मी घेतलेली नाही. चारी बाजूंनी पाणी, सरपण भिजलेले, आणि गॅसची टाकी कुठेतरी तरंगते आहे, अशा वेळी आग पेटवण्याचा प्रसंग येऊच नये. देवापुढे दिवा लावायला दोन लायटर पुरतात.

पाण्याचे गणित मात्र सगळ्यांना चकवते. एका माणसाला प्यायला आणि जुजबी स्वयंपाकाला दिवसाला तीन लिटर धरले, तर चार माणसांना तीन दिवसांचे ३६ लिटर होते, म्हणजे ३६ किलो. परदेशी याद्यांतला ‘७२ तासांचे पाणी’ हा सल्ला मोटारीने निघणाऱ्यांसाठी आहे. आम्ही माणशी एक लिटरची बाटली आणि पुढच्या दिवसांसाठी क्लोरिनचे औषध ठेवतो. आरोग्य केंद्रातून मिळणारे मेडिक्लोर किंवा गोळ्या. पाकिटावरच्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबायचे, आणि पाणी गढूळ असेल तर त्याआधी ते फडक्यातून गाळून, तुरटी फिरवून निवळू द्यायचे, कारण गाळात क्लोरिनचा जोर वाया जातो. पुराच्या पाण्यात मात्र संडासांच्या टाक्यांबरोबर शेतातली कीटकनाशकेही असतात आणि त्यांवर क्लोरिनचा काही इलाज नाही. त्यामुळे समोरचे पाणी उपसून प्यायचे नाही. पावसाचे धरायचे किंवा टँकरचे घ्यायचे, आणि औषध त्यात टाकायचे. पुन्हा, ७२ तास हा आकडाही आमचा नाही. २०१९मध्ये माणसे आठवडाभराहून जास्त दिवस घराबाहेर होती. पिशवी पहिल्या दीड-दोन दिवसांची, जोवर छावणीची घडी बसत नाही तोवरची, आणि पुढचे सगळे लोकांच्या व्यवस्थेवर, असे धरूनच ती भरावी लागते.

खाण्याचे फारसे काही सांगायला नको. भडंग, शेंगदाण्याचा लाडू, खजूर, आणि पाण्यात भिजवून खाता येतील असे पातळ पोहे. औषधांचे मात्र सांगावेसे वाटते. आबांच्या रक्तदाबाच्या आणि आईच्या साखरेच्या गोळ्या दोन आठवड्यांच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या छायाप्रतीसह, आणि गोळ्यांच्या पट्ट्या दर पावसाळ्याला नव्या. इन्सुलिन घेणाऱ्यांनी वीज नसताना ते कसे आणि किती दिवस ठेवायचे, हे आपल्या डॉक्टरांना उन्हाळ्यातच विचारून ठेवावे. पायाला जखम असताना पुराच्या पाण्यातून चाललेल्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, म्हणून पाय धुऊन कोरडे करायला एक टॉवेल, जखमेवर लावायचे मलम आणि ताप आल्यास आरोग्य पथकाला न लपवता सांगण्याची तयारी. चष्म्याची जुनी जोडी, आबांची कवळी ठेवायची डबी, वहिनीचे सॅनिटरी पॅड, या गोष्टी पुरुषांनी केलेल्या याद्यांत क्वचितच असतात. आमच्या पिशवीत त्या वहिनीने स्वतः टाकल्या आणि चाकूवर मी घालवलेल्या वेळाबद्दल जे बोलायचे ते तेव्हाच बोलून घेतले.

कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये आहेत, पण मोबाइल बंद पडला की ते लॉकर उघडत नाही, म्हणून आधार, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, सात-बारा आणि विम्याचे कागद यांच्या प्रती लॅमिनेट न करता झिपच्या दुहेरी पिशवीत ठेवल्या आहेत. ज्याचा उपयोग काठावरच्या प्रत्येकाला होईल अशी गोष्ट म्हणजे जनावरांच्या कानातले बिल्ले. त्यांवर बारा आकडी क्रमांक असतो. प्रत्येक जनावराचा, बिल्ल्यासह, गोठ्याच्या पार्श्वभूमीवर एक फोटो काढून तो मोबाइलमध्ये आणि कागदावर दोन्हीकडे ठेवावा. जनावर वाहून गेले तर पंचनाम्यात ते तुमचेच होते हे सांगायला दुसरे काही हातात उरत नाही. विजेरी डोक्याला बांधायची घ्यावी, म्हणजे दोर कापताना दोन्ही हात मोकळे राहतात. सेल मात्र विजेरीत न ठेवता बाजूला, कारण पडून राहिलेले सेल पाझरतात. पॉवर बँक वर्षभर पडून राहिली तर ऐन वेळी रिकामी निघते. मृग नक्षत्र निघाले की ती चार्ज करायची आणि पिशवी उघडून तपासायची, आणि खंडेनवमीला अवजारांची पूजा होते तेव्हा दोन्ही चाकू पाटावर मांडून, पुसून, तेल लावून परत ठेवायचे, असा पायंडा आम्ही पाडला आहे. कॅलेंडरवर वेगळी खूण करण्यापेक्षा हे बरे पडते.

सगळे भरल्यावर पिशवी उचलून जिना उतरून पाहिली पाहिजे, आणि ती घरातल्या सगळ्यांत धडधाकट माणसाने नव्हे, प्रत्यक्षात जो उचलणार आहे त्याने. आमच्याकडे भाऊ जनावरांत गुंतलेला असणार, म्हणून पिशवी वहिनीची, आणि तिच्या सोयीने मी त्यातून दुसरी ताडपत्री, जाड दोराचे वेटोळे आणि पकड असलेले अवजार काढून टाकले. वजनाचा संबंध फक्त दमण्याशी नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे पुरातून निघालेल्या लोकांची होडी उलटली आणि त्यात अनेक जीव गेले. त्या होडीत तिच्या ताकदीपेक्षा जास्त माणसे होती. अशा होडीत प्रत्येक जण दहा-दहा किलोचे ओझे घेऊन चढला तर काय होईल, हे सांगायला नको. होडीत पिशवी पाठीला बांधून बसू नये, छातीचा आणि कमरेचा पट्टा सोडून ती मांडीवर घ्यावी, म्हणजे पाण्यात पडण्याची वेळ आलीच तर ती सोडून देता येते. आतले कपडे आणि कागद हवा न काढता घट्ट बंद केलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत असले, तर ती काही वेळ तरंगतेही.

राहता राहिली वेळ. जनावरे पाण्यात उभी राहिल्यावर दावी कापायची वेळ येऊ नये, यासाठी ती आधीच हलवायला हवीत, आणि ती कधी हलवायची याचा आकडा पावसाळ्यापूर्वी ठरलेला हवा, कारण नदी अंगणात आल्यावर माणूस आकडा पुढे ढकलत जातो. आयर्विनला ३५ फूट झाले की पिशवी माळ्यावरून खाली येते, यावर सगळ्यांचे एकमत आहे. जनावरे मात्र ४० फुटांना माळावरच्या पाहुण्यांकडे न्यावीत, असे माझे म्हणणे; भाऊ ४३ म्हणतो, कारण ट्रॅक्टरचे भाडे, पाहुण्यांचा गोठा अडवणे आणि नव्या जागी दूध आटणे हे सगळे त्याच्या अंगावर येते, पुण्यात बसून आकडा सांगणाऱ्याच्या नाही. आबा अजून ४५ म्हणतात. गेल्या मृगाला वहिनीने सुचवले की धरणातून विसर्ग किती सोडणार, त्याची बातमी आली की आकडा न पाहता पहिल्यांदा फक्त गाभण म्हैस आणि वासरे हलवावीत, म्हणजे भाडेही कमी आणि उरलेल्यांसाठी हातही मोकळे. भावाने त्यावर अजून होकार दिलेला नाही, पण ट्रॅक्टरवाल्याला एका खेपेचा दर त्याने विचारून ठेवला आहे.